बुलबुलाचा गळा आणि आमचे पेरू

माझे यजमान जस्टिन सर नेवाशाजवळच्या आमच्या गावात शिक्षक आहेत आणि चर्चचं गायनमंडळही चालवतात. ज्याला गळा त्याला सगळं माफ, असा त्यांचा कायदा. मला गळा नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी मंडळात मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवते.

यंदा कापणीच्या सणाला वेदीपुढे ठेवायला अंगणातले पेरू राखले होते. रोज एखादा पोखरलेला सापडू लागला. सरांनी तपास न करताच गुन्हेगार ठरवला: चर्चच्या चिंचेवर उलटी लटकणारी वटवाघळं. "ना सूर, ना ताल. अशांकडून दुसरं काय होणार, कृपा?" हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, ते मला झोंबलं.

मग रोज तिन्हीसांजेला शाळेतून आले की सर झाडावर जुनी मच्छरदाणी चढवायचे आणि सकाळी उठल्याबरोबर काढायचे. का, तर बुलबुलाला बसायला फांदी हवी! तो लाल बुडाचा बुलबुल असा गोड गायचा, की सरांचा चहा गार व्हायचा. पेरू मात्र कमीच होत गेले. "मच्छरदाणीतूनसुद्धा खातात बघ," म्हणत त्यांनी चिंच तोडायचा अर्ज दिला.

चर्चच्या कमिटीचे सुनीलभाऊ म्हणाले, "सोमवारी करवतवाला येनार हाय, सर."

वाघळांचं एवढं नांदतं घर मोडणार, म्हणून माझा जीव तुटला. सणाच्या आदल्या दिवशी सर रजेवर होते. सकाळी मच्छरदाणी निघाल्या निघाल्या मी पेरू मोजले. रात्री झाकलेले सातच्या सात धड. मग सरांना हाताला धरून खिडकीशी बसवलं.

दहाच्या सुमाराला बुलबुल आला. त्यानं एक तान घेतली आणि सगळ्यात पिकलेल्या पेरूत चोच खुपसली. पोट भरल्यावर पुन्हा तान.

"अगं, गाऊन गाऊन घसा सुकतो त्याचा," सर म्हणाले.

"आणि चोर सोडून संन्याशाला फाशी? आत्ताच्या आत्ता सुनीलभाऊंना फोन लावा."

त्यांनी लावला. "चूक माझीच झाली," म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बेसूर निघाला.

रविवारी सहा धड पेरू वेदीपुढे गेले. गीत सुरू झालं आणि मी तोंड उघडून मोठ्यानं गायले, अगदी माझ्या सुरात. सरांनी वळून डोळे वटारले. मी खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बोट दाखवलं. ते निमूट पुढे वळले, आणि मी दुसरं कडवंही सोडलं नाही.