विनोदिनीबाईंच्या घटात उगवलेली भांग

आधी ते दार लोटून घ्या, मग बोलते. हो, मी भांग बोलतेय. दचकलात ना? वाटलंच मला. आत्ता तुमच्या डोळ्यांत जे आलं, ते मी जन्मापासून पाहतेय. आमच्या जातीकडे कुणी सरळ नजरेनं बघत नाही, म्हणून आम्हीही कुणावर पटकन विश्वास टाकत नाही.

पण मी काही चोरट्या मळ्यात वाढलेली नाही. मी वाढले रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे तिकडचा मोहल्ला), एका मराठी घराच्या देवघरात. समोर देवी, बाजूला समई, दोन्ही वेळा आरती. आमच्या सात पिढ्यांत असं भाग्य कुणाला लाभलं असेल तर सांगा मला.

घरात माणसं तीन. बाबाराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई. आणि मुलगा सुशील, सत्तावीस वर्षांचा, पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. बाबारावांना दोनच नाद. एक, नवरात्राचं कडक सोवळं. दुसरा, गॅलरीतल्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड्स. त्या पाखरांसाठी ते मिश्र दाणे आणायचे. राळे, बाजरी, ज्वारी, आणि मधूनमधून माझ्यासारखे करडे, गोल, चकचकीत दाणे. पाखरांना आम्ही फार आवडतो. दुकानदारानं आमचं नाव सांगितलं नाही आणि बाबारावांनी विचारलं नाही.

घटस्थापनेच्या दिवशी विनोदिनीबाईंचा गुडघा सुजला होता. घटात पेरायला सात धान्यं लागतात, आणि घरात निघाली दोनच, गहू नि मूग. बाजारात जाणं शक्य नव्हतं. नवऱ्याला सांगावं तर "काल काहून नाही पाहिलं?" म्हणून दिवसभर ऐकून घ्यायचं. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पाखरांच्या डब्यात हात घातला. "सगळंच तं आहे यात," असं स्वतःशीच पुटपुटून एक मूठ काढली. त्या मुठीत मी होते. मला तेव्हाच संशय आला होता. देवाचं काम करताना माणूस असा मागे वळून पाहत नाही.

नऊ दिवस समईच्या उजेडात आम्ही सगळी एकाच मातीत उगवलो. दसऱ्याला गव्हाचे पिवळे तुरे बाबारावांच्या टोपीत गेले, सुशीलच्या कानावर गेले. उरलेली माती तुळशीत टाकायला बाईंनी घेतली, तर मी एकटी हिरवीगार उभी. त्यांनी असलं रोप जन्मात पाहिलं नव्हतं. त्या बघतच राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

त्याचं कारण सांगायला हवं. सुशील भिलाईला कॉलेजात होता तेव्हा गांजाच्या नादी लागला. म्हणजे माझ्याच, लपवत नाही. चार वर्षं घराला घरपण नव्हतं. मग सात महिने नशामुक्ती केंद्रात राहून आला. दोन वर्षं झाली, पुन्हा हात लावलेला नाही. विनोदिनीबाईंनी नवरात्रभर देवीकडे एकच मागितलं होतं, की पोरगा पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. आणि घटात उगवले मी! "ऐकलं माह्यं देवीनं," त्या म्हणाल्या, कुंडी धुतली आणि मला लावलं. बाहेर ठेवलं तर नजर लागेल म्हणून देवघरातच ठेवलं. आता मी हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

महिन्याभरात माझी पानं बोटं पसरून उभी राहिली. एका सकाळी सुशील नमस्काराला आला आणि वाकता वाकता थांबला. त्याच्या तोंडचा रंगच गेला.

"आई, हे काय आहे?"

"प्रसाद आहे. घटात आला. तुह्यासाठीच आला समज."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "अच्छा," एवढंच म्हणाला आणि जाऊन साबणानं हात धुतले. मला तर त्यानं हातही लावला नव्हता. मी म्हटलं, ओळखलं यानं. ओळखूनही गप्प बसतोय म्हणजे याच्या मनात काहीतरी शिजतंय. मांजर डोळे मिटून बसलं म्हणजे काय त्याला दूध नको असतं?

त्या घरात संशय एकट्या मलाच येत होता असंही नाही. सुशील संध्याकाळी घरी आला की विनोदिनीबाई त्याच्या तळहातावर साखर ठेवायच्या आणि ठेवता ठेवता हात नाकाशी न्यायच्या. बाबाराव खुंटीवरचा त्याचा शर्ट "धुवायचा आहे का" म्हणत हुंगायचे. दोघांनाही वाटायचं, पोराला कळत नाही. पोराला सगळं कळायचं. तो दारात चपला काढायचा आणि कुणी मागायच्या आतच दोन्ही हात पुढे करायचा. दोन वर्षं रोज.

दिवाळीनंतर मी खिडकीकडे कलायला लागले. बाई म्हणाल्या, "सुशील, हे वाकून राहिलं रे. उजेड कमी पडते वाटते याले." दुसऱ्या दिवशी त्यानं पांढराशुभ्र बल्ब आणून माझ्या डोक्यावर लावला. बाईंचा गुडघा दुखायचा तेव्हा पाणीही तोच घालायचा. मी मनात म्हटलं, बकऱ्याला पाला असाच घालतात. भरू दे मला अंगानं, मग हा आपली पाती पाजळेल.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तो आत आला, माझ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग त्याचा हात माझ्या शेंड्यापाशी आला. मी म्हटलं, आलं रे बाबा, आलंच. पण त्यानं हात मागे घेतला, पिंजऱ्यापाशी जाऊन पाखरांचा डबा उघडून पाहिला, आणि चप्पल न घालताच बाहेर निघून गेला. मी त्याला चांगलं म्हटलं नाही. म्हटलं, आज जमलं नाही, उद्या करेल.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. विनोदिनीबाईंनी माझी कीर्ती पाऱ्यात आधीच पसरवली होती. पंधरा जणी आल्या. प्रत्येकीनं देवघरात डोकावून मला हात जोडले. वाण म्हणून बाईंनी चाळण्या लुटल्या, आणि तिळगुळासोबत प्रत्येकीला माझं एकेक पान दिलं! देवीचा प्रसाद म्हणून! कुणी ते पर्समध्ये ठेवलं, कुणी अंबाड्यात खोवलं. समोरच्या घरातल्या मंदाकिनीबाईंनी पोथीत ठेवलं. मी पानं देत होते आणि आतल्या आत घाबरत होते. इतक्या घरांत आपली ओळख पटवणारं एकही माणूस नसेल, हे कसं शक्य आहे?

होतं की. मंदाकिनीबाईंचे यजमान हरिदासराव. अबकारी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिघं नुकतीच जेवून उठली होती. हरिदासराव आले, कुणी या म्हणायच्या आत देवघरासमोरच बसले, आणि खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. आत माझं पान.

"बाबाराव, हे काल तुमच्या घरून आलं. माहीत आहे काय आहे? गांजाचं झाड आहे हे. घरात लावणं गुन्हा आहे. मी रिटायर माणूस, मी काही कोणाले सांगत नाही. पण पंधरा घरी पान गेलं आहे."

बाबारावांनी पानाकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुशीलकडे पाहिलं. उठले, त्याचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले. सकाळीच त्यानं मला पाणी घातलं होतं, वाळकी पानं काढली होती. वास यायचाच.

"कधीपासून?" बाबारावांनी विचारलं.

"बाबा, मी नाही लावलं."

"बल्ब कोणं आणला?"

"मी."

"पाणी कोण टाकते?"

"मी. पर आईनं सांगितलं म्हणून."

"आणि घटात बी कोणं टाकलं? देवी खाली उतरली होती का टाकाले?"

सुशील हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या पाखरांच्या दाण्यात असते ते. मी पाहिलं आहे डब्यात. घटात कसं गेलं, मले नाही माहीत."

"वा! आता माह्या पाखरांवर ढकल!" बाबारावांचा आवाज फाटला. "बस झालं. उद्या सेंटरवाल्याले फोन करतो मी. पुन्हा सात महिने राहा तिथं."

आता त्या खोलीत खरी गोष्ट माहीत असलेल्या दोघीच होतो. मी आणि विनोदिनीबाई. मला तोंड नाही. त्यांना होतं. आणि त्या गप्प! पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीशी उभ्या. मला समजत होतं हो त्यांचं. सोवळ्यात चोरी केली हे नवऱ्यासमोर कबूल करायचं. देवीचा प्रसाद म्हणून पंधरा जणींच्या हातात काय दिलं, ते साऱ्या पाऱ्यासमोर मान्य करायचं. उभ्या गल्लीत हसं होणार. पण पोराचं काय? अहो बाई, बोला ना! तुमच्या एका शब्दावर त्याचं सगळं आहे!

सुशीलनं एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक है. करा फोन." आणि स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढायला लागला. दोन वर्षांपूर्वी जी घेऊन आला होता, तीच बॅग.

"ठेव ते वापस!" विनोदिनीबाई ओरडल्या. त्यांना असं ओरडताना मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या लंगडत पुढे आल्या आणि आपले दोन्ही तळहात बाबारावांच्या तोंडासमोर धरले.

"त्याचे हात काय हुंगून राहिले? माहे हुंगा! तोच वास आहे. हे मी लावलं. घटात धान्य कमी पडलं तं तुमच्या पाखराच्या डब्यातली मूठ मी टाकली. तुमच्या तोंडाच्या भेवानं सांगितलं नाही. आणि आत्ताही उभी राहिली मुक्यासारखी. पोट्टा बॅग काढेपर्यंत उभी राहिली. मी माय आहो का कोण आहो?"

हरिदासराव उठले, गॅलरीतून डबा आणला, स्टीलच्या ताटात दाणे ओतले आणि नखानं एकेक करडा दाणा बाजूला काढला. आठ निघाले. बाबाराव त्या दाण्यांकडे बघत खाली बसले. "माह्याच हातानं आणलं," म्हणाले.

विनोदिनीबाईंनी सुशीलला विचारलं, "तुले माहीत होतं, हे काय आहे?"

"पहले दिन से."

"मंग बोलला काहून नाही रे?"

"हे आल्यापासून तू इथं दिवा लावताना गाणं म्हणून राहिली होतीस, आई. मी सेंटरमध्ये गेलो तेव्हापासून तू गाणंच सोडलं होतंस."

मला त्या क्षणी आपली लाज वाटली. तीन महिने मी त्याच्यावर पाळत ठेवली होती. बल्ब आणला तर संशय, पाणी घातलं तर संशय, हात मागे घेतला तरी संशय. ज्या नजरेचा मला जन्मभर राग, त्याच नजरेनं मी त्या पोराकडे पाहत आले.

"मीच लावलं, मीच उपटतो," म्हणत बाईंनी माझं खोड धरलं. पण माझी मुळं कुंडीभर पसरली होती. मी हलेना. दम लागला तशा त्या म्हणाल्या, "सुशील, ये रे, जरा हात लाव."

सुशील जागचा हलला नाही. आईच्या कोणत्याही कामाला तो नाही म्हणत नसे.

"नाही, आई. माझ्यानं नाही होणार." त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "डर लगता है मले. रोज लगत होतं. इथं आलो की श्वास रोखून धरत होतो. एक पान तोडलं तं कोणाला कळलं असतं? रोज हेच डोक्यात यायचं."

विनोदिनीबाईंनी माझं खोड सोडलं. "अन् मी तुले रोज पाणी टाकाले लावलं," एवढंच त्या बोलल्या आणि देवीकडे पाठ करून त्याला जवळ घेऊन रडल्या. बाबाराव उठले आणि दोन हिसक्यांत मला मुळासकट काढलं.

आज सोमवार. वास पसरू नये म्हणून मला न्हाणीत बादलीत बुडवून ठेवलं आहे. पानं गळाली, शेंडा वाकला. विनोदिनीबाई सकाळपासून लंगडत घरोघर गेल्या आहेत. पंधराही जणींना स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून पानं गोळा करताहेत. काही जणी हसल्या म्हणे. हसोत. मी कुठेतरी पुरली जाणार, हे बाबाराव आणि हरिदासराव बोलताना ऐकलं आहे. खड्डा कुठे खणायचा यावरून त्यांचं अजून ठरत नाहीये.

माझं मागणं थोडं आहे. बाबाराव, मला कुठेही पुरा. फक्त उशीर करू नका. सहा वाजले की पंडरीचं दुकान सुटतं. तो दारात यायच्या आत मला या घरातून न्या.