'सागरप्रभा'तली जोडी-सवलत

शनिवारी दुपारी दोनला हर्षदचा फोन आला, तेव्हा वेदिका केसांना पिना लावत होती.

"दाभोळलाच अडकलोय गं. साहेब सोडत नाहीत. तू जाऊन ये ना."

"जोडीचं तिकीट आहे ते. एकटीला आत घेत नाहीत."

"मग आईला ने की," म्हणून त्याने फोन ठेवूनही दिला.

'सागरप्रभा' ही रत्नागिरीतली जुनी टॉकीज. जांभ्याच्या भिंती, वर पत्रे, आत लाकडी खुर्च्या. तिला साठ वर्षं झाली म्हणून मालकांनी महिनाभर जोडी-सवलत लावली होती. दोघांनी मिळून यायचं आणि एकाच्या तिकिटात दोघांनी सिनेमा बघायचा. वेदिकेने आठ दिवस आधी नाव नोंदवलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ती दोघं एकटी अशी कुठे गेली असतील तर फक्त आरटीओत, हर्षदच्या लायसनसाठी. कॉलेजच्या कचेरीतून आज तिने अर्धी रजा काढली होती. ती फुकट घालवायची नाही, एवढ्या एका हट्टापायी तिने सासूला विचारलं.

"सिनेमा? आज?" गोदूबाई म्हणाल्या आणि लगेच उठल्या.

उठल्या खऱ्या, पण निघेनात. बहात्तर वर्षांच्या बाईला ठेवणीतलं लुगडं नेसायचं होतं. ते नेसून झालं, तर अबोलीचा गजरा हवा होता. तो परसातून तोडून, गुंफून झाला. मग सकाळी उकडलेल्या शेंगा डब्यात भरल्या. रिक्षा दारात घरघरत असताना त्या गॅस बंद आहे का ते बघायला दोनदा मागे गेल्या.

"आई, तीनचा खेळ आहे."

"मग? तीन वाजायला अजून अवकाश आहे ना?"

तीनला दहा मिनिटं होती. नाचणे भागातल्या घरून रिक्षा निघाली, ती मारुती मंदिराच्या चौकात अडकली. तिथून सुटते न सुटते तोच गोदूबाईंनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "मासळी बाजाराकडून घे रे जरा. सौंदाळे आले असतील."

"आई! मासे घेऊन बसणार सिनेमाला?"

"पिशवीला गाठ मारली की कुणाला कळतंय?"

"अख्ख्या टॉकीजला कळेल!"

गोदूबाई गाल फुगवून बसल्या. वेदिका बाहेर बघत दात आवळून बसली. हर्षदवर चिडावं, की त्याच्या आईवर, की आपल्याच हौसेवर, हे तिला ठरवता येईना.

खिडकीवर आणखी एक अडचण उभी होती. आतल्या माणसाने वहीत नाव शोधलं, चष्म्यावरून दोघींकडे बघितलं आणि मान हलवली.

"मॅडम, ही जोडी-सवलत आहे."

"आम्ही दोघी आहोत ना."

"जोडी म्हणजे नवरा-बायको."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक असतं."

मागे रांग वाढत होती. रांगेत कॉलेजची दोन पोरं होती, ती वेदिकेला ओळखत होती आणि ओळख न दाखवता हसत होती. पूर्ण तिकिटं काढून मोकळं व्हावं म्हणून तिने पर्स उघडली. तेवढ्यात गोदूबाई तिला कोपराने बाजूला सारून पुढे झाल्या.

"काय रे, अकरा वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर भांडतोय. हिचा नवरा घरी येतो शनिवारी, जातो सोमवारी. माझा तर वर गेला. रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकींची तोंडं बघतो त्या आम्हीच. जोडी नाय तर काय मेल्या, तिळं म्हणायचं आम्हाला?"

रांग खदखदून हसली. वेदिकेला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खिडकीतल्या माणसाने घाईघाईने दोन तिकिटं फाडून सरकवली.

आत सिनेमा सुरू झाला होता. अंधारात चाचपडत, लोकांच्या पायांवर पाय देत त्या जागेवर पोचल्या. गोष्ट एका बाईची होती. नवऱ्याचं घर सोडून शहरात नोकरीला गेलेली. वेदिकेला ती नीट बघायची होती. पण शेजारी शेंगा फुटत होत्या, टरफलं पडत होती.

"ही कोण गो? मघाशी मेली ती?"

"नाही, ती हिची बहीण."

"दिसतात सारख्या. आणि हिने घर सोडलं, तर पोराला जेवायला कोण घालतो?"

"आई, हळू."

"हळूच बोलतेय."

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून वळून बघायला लागला. गोदूबाईंनी त्याला शेंगा दिल्या. त्याने घेतल्या आणि मग तोही फोडायला लागला.

मध्यंतर होऊन पंधराएक मिनिटं झाली असतील, तोच पर्समध्ये फोन थरथरला. हर्षद होता.

"अगं, लवकर सुटलो शेवटी. दारात उभा आहे. बरोबर ऑफिसातले दोघं आहेत, त्यांना चहा तरी द्यायला हवा. किल्ली तुझ्याकडे. निघता का?"

वेदिका मनातल्या मनात चरफडली. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो आला नाही. आणि आता आला तर असा. पण अकरा वर्षांची सवय वाईट. ती पदर सावरत उठलीच.

"चला आई. हर्षद आलाय. घरी जाऊ."

गोदूबाई हलल्या नाहीत.

"आई, पाहुणे दारात उभे आहेत."

"असू देत. मी नाय उठणार."

"म्हणजे काय?"

त्यांनी शेंगांचा डबा बंद केला. नजर पडद्यावरच होती. "लग्नाला वर्ष झालं, तेव्हा हे मला इथे घेऊन आलेले. ह्याच टॉकीजमध्ये. निम्मा सिनेमा झाला आणि पडद्यावर अक्षरं आली. काचेवर शाईने लिहून दाखवायचे तेव्हा. 'सखाराम यांना घरून बोलावणे आहे, ताबडतोब बाहेर यावे.' एवढ्या लोकांत ह्यांचं नाव. म्हटलं, कोण गेलं? धावत बाहेर आलो, तर दीर उभा. म्हणतो, म्हैस व्यायली, आईनं बोलावलंय."

"मग?"

"मग काय. पोचेस्तोवर रेडकू आपल्या पायांवर उभं होतं. म्हशीला माझी गरज नव्हती, सासूला मला उठवायचं होतं. हे म्हणाले, पुन्हा नेतो. राहून गेलं. हे पण गेले. त्या सिनेमात शेवटी काय झालं ते मला अजून ठाऊक नाय." मग त्या वेदिकेकडे वळल्या. "तुला जायचं तर जा. किल्ली तुझ्याकडेच आहे."

वेदिका उभीच होती. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, बसा की खाली!" ती बसली. फोन कानाला लावला. "हर्षद, सिनेमा संपला की येतो. चौकात टपरी आहे, तिथे चहा पाज त्यांना."

"अगं, पण आई—"

"आईंनाच बघायचाय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

त्यानंतर ती पडद्याकडे बघत होती खरी, पण बराच वेळ तिला काही दिसत नव्हतं. डोक्यात राग होताच. फक्त तो आता सासूवर नव्हता. या बाईने घरात कधी कुठल्या गोष्टीला ठाम नाही म्हटलेलं तिला आठवेना. मुलाला तर कधीच नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले. लुगड्यावरची टरफलं झटकत गोदूबाई उठल्या. चेहरा चांगलाच आंबट होता.

"परत गेली शेवटी नवऱ्याकडे. एवढं सगळं करून! ह्यासाठी बसलो होतो आपण?"

"परत नाही गेली, आई. फक्त मुलाला भेटायला गेली. दार उघडं ठेवून उभी होती, बघितलं नाही?"

"उभी होती म्हणजे गेलीच. दार उघडं ठेवून डास घेणार होती काय आत?"

"अहो, पिशवी तिने बाहेर ठेवली होती!"

"ती बहिणीची पिशवी होती."

"बहीण मेली होती आई, तुम्हीच म्हणालात!"

"मी विचारलं. तू नाय म्हणालीस."

बाहेर उन्हं कलली होती. रिक्षात बसल्यावरही दोघी भांडतच होत्या. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं तेव्हा कुठे वेदिकेने त्याला पत्ता सांगितला, आणि पुन्हा सासूकडे वळून बोट नाचवत म्हणाली, "नाही, तुम्ही सांगा, पिशवी कुणाची?"