दुसरी चढाई

"सोडलं! परत सोडलं त्यानं!"

आम्रपाली न्हाणीत चादरी पिळत होती. भावाचा आवाज ऐकून ती तशीच ओल्या हातांनी धावली. पलंगावरून घसरला की काय, असं तिला वाटलं. पण बुद्धरत्न होता तिथेच होता. पाठीला दोन उशा, पोटावर टेकवलेल्या फळीवर मोबाइल, आणि उजव्या पंजाला पट्ट्यानं बांधलेली रबरी टोकाची कांडी. चेहरा मात्र लालबुंद झाला होता.

"काय झालं रे?"

"जिंकलो."

"मग ओरडतोस कशाला?"

"जिंकलो म्हणूनच ओरडतो. तुला नाय कळायचं."

दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसलेली त्यांची आई चंपाबाई म्हणाली, "हरला तरी तोंड पाडतो, जिंकला तरी आरडतो. ह्याला काय द्यावं ते तरी सांग गो त्याला इचारून."

आम्रपालीला कळत होतं, आणि चांगलंच कळत होतं. म्हणूनच ती पुन्हा न्हाणीत गेली आणि पिळून झालेली चादर परत पिळत बसली.

उमरठच्या रस्त्याला असलेल्या त्या वाडीत बुद्धरत्नचं नाव एके काळी फार मोठं होतं. कापणी झाली की विहारामागच्या खाचरात कबड्डीचं मैदान आखलं जायचं, आणि चढाईला रत्ना निघाला की बायकासुद्धा चूल सोडून बांधावर यायच्या. अंगानं काटकुळा, पण पायात वारा. समोरचा गडी हात पुढं करेपर्यंत हा त्याला शिवून मध्यरेषेवर परत आलेला असायचा. एकदा का कुणाच्या हातात सापडला, तर मात्र सुटायची ताकद अंगात नव्हती. शिवायचं आणि पळायचं, एवढीच त्याची विद्या. सगळ्या पंचक्रोशीत त्याला धरू शकणारा गडी एकच होता, आणि तो त्याच्याच संघात डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. तो म्हणजे बनुबाईचा मंगेश. सरावात मंगेश त्याचा घोटा असा धरायचा की जणू खेकड्यानं बोट धरलं.

एका पावसाळ्यात दोघं खेडहून मोटरसायकलवर परत येत होते. गाडी मंगेश चालवत होता. कशेडी घाटात वरून दगड सुटला. मंगेशला कोपराला खरचटलं. मागे बसलेल्या रत्नाची मान मोडली. जीव वाचला, पण छातीखालचं सगळं गेलं. मनगटं हलायची, बोटं हलायची नाहीत. मंगेश इस्पितळात एकदा आला, दाराशी उभा राहिला आणि तसाच मुंबईला निघून गेला. तो परत वाडीत आला नाही, फोनही नाही. आम्रपाली महाडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. नाते गावच्या एका शिक्षकाचं स्थळ तिच्यासाठी चाललं होतं, ते हळूहळू मागं पडलं. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. दिवसभर परक्यांची दुखणी आणि घरी आलं की घरचं, असं तिचं आयुष्य सुरू झालं आणि तसंच चालत राहिलं.

मोबाइलवरच्या या खेळानं रत्नाला धरून ठेवलं होतं. दोघांनी आपापले राक्षस घेऊन यायचं आणि ते एकमेकांशी झुंजवायचे. पळापळ नाही, बोटांची घाई नाही. प्रत्येक डावात दोघांनी आपापली चाल गुपचूप ठरवायची, मग ज्याचा राक्षस चपळ त्याचा घाव आधी पडतो. कांडीनं एक खूण दाबायला रत्नाला कितीही वेळ लागो, त्याचा राक्षस तितकाच चपळ राहायचा. हे त्याला कळलं तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला होता.

त्यातही काही राक्षस लांबूनच जाळ आणि वीज फेकतात, काही थेट अंगाला भिडतात. रत्नाला भिडणाराच हवा होता. त्यानं निवडला तो एक रानमांजरासारखा, बारीक कमरेचा, नखांनी ओरबाडणारा प्राणी. खेळातलं त्याचं लांबलचक इंग्रजी नाव बाजूला ठेवून रत्नानं त्याला नाव दिलं वाघाटी. वाघाटीच्या आधी कुणाचाच घाव पडत नसे. ओरबाडायचं आणि त्याच दमात मागं फिरून दुसऱ्याला पुढं करायचं, अशी तिची चाल होती. कातडी मात्र पातळ. एक रट्टा बसला की खलास.

आणि एक दिवस त्याला झुंजीचं आव्हान आलं. समोरच्याच्या संघात एक मोठा थोरला मंद खेकडा होता. दोन डाव झाले आणि रत्ना म्हणाला, "ताई, हा मंग्या हाय." नाव नव्हतं, फोटो नव्हता, खेळात बोलायची सोय नव्हती. पण खेकडा ज्या धीरानं मार खाऊन थांबला आणि वाघाटी मागं फिरायच्या आत त्यानं तिला अडकवून ठेवणारी नांगी मिटली, त्यावरून रत्नानं ओळखलं. तेव्हापासून दोघं आठवड्यातून तीन-चारदा झुंजत. कधी हा जिंके, जास्त करून तो. फोन नाही, निरोप नाही. पण भेटत होते.

मग या पावसाळ्यात रत्नाला ताप धरला. पाठीला जखम झाली. दम वाढावा म्हणून आणलेलं, श्वास आत ओढून तीन गोळ्या वर उचलायचं प्लास्टिकचं यंत्र त्यानं खिडकीत ठेवून द्यायला लावलं. तो ज्या दिवशी हरायचा, त्या दिवशी ताटात भात तसाच राहायचा. आम्रपाली नर्स, तिनं हे हेरलं. आणि दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला, तसं करून बसली. बनुबाईकडून नंबर घेऊन तिनं मंगेशला फोन लावला. म्हणाली, "बरा होईस्तोवर त्याला जिंकू दे रे." पलीकडून फक्त "हो ताई" एवढंच आलं होतं.

ताप उतरला. जखम भरली. रत्ना जिंकतच राहिला.

चादरी वाळत घालून ती आत आली तेव्हा तो तिची वाटच पाहत होता.

"बस इथं. ह्ये बघ. वाघाटी आली, ओरबाडलं. खेकड्याच्या अंगात अर्धा जीव होता. नांगी मिटायची की नाय? तो बसून ऱ्हायला. डोळं मिचकावीत. मागल्या खेपेला तेच, त्याच्या मागल्या खेपेला तेच."

"चुकला असंल."

"मंग्या? घोट्याला चुकंल?" रत्नानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "आपल्या वाडीची रीत तुला ठाव हाय ना?"

तिला माहीत होती. लहानपणी विहाराच्या पायरीवर बसून तिनं ती कितीदा पाहिली होती. आजारातून उठलेला गडी मैदानात आला की त्याची पहिली चढाई कुणी धरायची नाही. त्याला शिवू द्यायचं, परत जाऊ द्यायचं. दुसरी मात्र धरायचीच, आणि नेहमीसारखी जोरात धरायची. दुसरीही सोडली तर तो गडी खेळातून गेला, असा त्याचा अर्थ. मग तो मैदानात येईना आणि त्याला कुणी बोलवीना.

"त्यानं दुसरी सोडली, तिसरी सोडली. पुढच्या मोजायची शरम वाटायला लागली मला." रत्नाचा आवाज बसला. "मेलेल्याला कोण धरतं, नाय का?"

आम्रपालीला राहवलं नाही. "मीच सांगितलं त्याला."

चंपाबाईचे शेंगांतले हात थांबले.

"तू जेवत नव्हतास. मला दुसरं काय सुचलं नाय."

त्याला उठून जाता येत नव्हतं, पाठ फिरवता येत नव्हती. त्यानं मान तेवढी भिंतीकडे वळवली.

"पट्टा सोड," तो म्हणाला.

"रत्ना—"

"सोड म्हणतो ना."

तिनं पट्टा सोडला, कांडी काढली आणि दोन्ही खिळ्याला अडकवलं. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. तो ओरडेना, चिडेना. घास पुढं केला की तोंड उघडायचा, पाणी दिलं की प्यायचा. एवढा शहाणा पेशंट आम्रपालीनं दवाखान्यातही पाहिला नव्हता, आणि तिला त्याची भीती वाटली. जेवण सोडलेला माणूस निदान कशावर तरी रुसलेला असतो. हा कशावरच रुसला नव्हता.

"त्याचा पट्टा बांध गो," एका सकाळी चंपाबाई म्हणाली. "तो मोकळा हात बघवत नाय मला."

त्या दुपारी डबा न उघडताच आम्रपाली दवाखान्याच्या मागच्या जिन्यात गेली आणि मंगेशला फोन लावला. पलीकडे रस्त्याचा गोंगाट होता. तो घाटकोपरला कुठल्याशा कुरिअरवाल्याकडे कामाला होता.

"ताई, डिलिव्हरीवर हाय, जल्दी बोल."

"त्याला ओळखू आलं, मंगेश. त्यानं खेळ सोडला."

गोंगाट कमी झाला. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा.

"आता त्याला धर," ती म्हणाली. "पहिल्यासारखा."

"नाय जमणार मला."

"का?"

"का म्हणून काय इचारतेस, ताई? गाडी मी चालवत होतो. त्या खेकड्याची नांगी मिटायला बोट नेतो ना, तर मला तो रस्त्यावर पडलेला दिसतो. तू सोड म्हणालीस, तवा मला सुटल्यासारखं झालं. खरंच सांगतो."

तिला त्याचा राग होता. इतकी वर्षं जपून ठेवलेला, हक्काचा राग. दाराशी उभा राहून पळून गेलेला हा माणूस. आज तो राग काढायला गेली तर हाताला काही लागेना. पलीकडे एक मोठा पुरुष रस्त्यावर उभा राहून रडत होता.

"दगड तू नव्हता टाकलास," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "पण आता सोडशील तर ते तू केलंस असं होईल. पहिली सोडायची ती मी मागितली. दुसरी वाडीची हाय. ती सोडायचा हक्क तुला नाय आणि मलापण नाय."

पलीकडून फोन बंद झाला.

रविवारी ऊन उतरता उतरता फळीवरचा मोबाइल टुंग वाजला. तिनं पाहिलं. आव्हान होतं. तिनं तो रत्नाच्या डोळ्यांसमोर धरला.

"नको."

"बघ तरी."

त्यानं नाइलाजानं पाहिलं. झुंजीआधी समोरच्याचा संघ दिसतो. इतके दिवस खेकडा सगळ्यात शेवटी असायचा. आज तो पुढं होता, पहिलाच, डाव्या अंगाला.

"पट्टा बांध," तो म्हणाला.

तिनं बांधला. कांडी बसवली. चंपाबाई शेंगांचं सूप बाजूला ठेवून पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बांधावर उभी राहून पाहायची तशी ती पाहू लागली.

रत्नानं वाघाटी काढली. ओरबाडलं, मागं फिरली. खेकडा डोळे मिचकावत बसून राहिला.

रत्नाचा चेहरा पडला. आम्रपालीला वाटलं, मंगेशनं ऐकलं नाही म्हणायचं. "बंद करू?" तिनं विचारलं.

"थांब," रत्ना हळूच म्हणाला. "ही पहिली."

पुढं दोन डाव दुसरेच राक्षस झुंजले. मग खेकडा परत पुढं आला आणि रत्नानं कांडी वाघाटीवर नेली. मनगट घसरलं, त्यानं परत नेलं. आम्रपालीचा हात मदतीला पुढं गेला आणि तिनं तो मागं घेतला. त्यानं खूण दाबली.

वाघाटी आली, विजेसारखी भिडली. खेकड्याचा जीव सरसर उतरत गेला आणि अगदी तळाला, जेमतेम रेघभर उरला. ती मागं वळली. त्याच क्षणी खेकड्याची नांगी मिटली.

"धरलं!"

वाडीला ऐकू जाईल असा तो ओरडला. परतायची खूण पडद्यावर करडी पडली होती, दाबून उपयोग नव्हता. पुढच्याच डावात वाघाटी आडवी झाली. मागोमाग बाकीचे एकेक पडत गेले. मंगेशनं एकालाही दया दाखवली नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत हार आली.

रत्ना हसत होता आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. आम्रपालीनं पदर पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पुसू नको."

चंपाबाईनं घाबरून विचारलं, "हरला काय गो?"

"हरला, आये," आम्रपाली म्हणाली. "चांगला हरला."

संध्याकाळच्या मालिशची वेळ झाली होती. तिनं तेल कोमट केलं, त्याच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि पायथ्याशी बसली. त्या पायांची आता नुसती हाडं उरली होती. तिनं डावं पाऊल उचलून हातात घेतलं. तो मान उचलून पाहत होता.

"कुठं धरलंस?"

"घोट्याला."

"डाव्या?"

"डाव्या."

"मंग्या डावाच धरायचा. घट्ट धर. तसं नाय, दोनी हातांनी."

तिनं दोन्ही हातांनी घोटा आवळला. त्याला त्यातलं काहीच कळणार नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं डोळे मिटले, छाती भरेल तेवढी भरून घेतली आणि पुटपुटायला सुरुवात केली, "कबड्डी कबड्डी कबड्डी…"

खांदे पुढं ओढले जात होते. मान ताठ झाली होती. मध्यरेषा कुठंतरी समोरच होती. एके काळी त्या एका दमात तो सबंध मैदान फिरून यायचा. आता दम फार वेळ पुरला नाही. शब्द बारीक होत गेले आणि थांबले. तो उशीवर मागं पडून धापा टाकत हसू लागला.

त्याचा दम संपला तरी आम्रपालीनं घोटा सोडला नाही.