अननसाचं टोपडं

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी नगरला मास्तर होतो. भिंगारच्या छावणीतल्या हैदर खानसाम्याची इंग्रजी पत्रं मी वाचून द्यायचो. त्या बदल्यात एकदा त्यानं साहेबाच्या टेबलावरच्या अननसाचा तुरा आणून दिला.

"मातीत खोचा मास्तर. पण घरात ठेवा. नगरची थंडी त्याला झेपायची नाही."

मी भांडं शोधायला वळलो, तेवढ्यात माझ्या बायकोनं, इंदूनं, तुऱ्याच्या बुडाला चिकटलेला पिवळा गर चाटला. साहेबाचं उष्टं, तेही खानसाम्याच्या हातचं! गल्लीत कळतं तर माझ्या मेलेल्या आजोबांनासुद्धा प्रायश्चित्त पडलं असतं.

"अहो, एवढासाच होता," ती डोळे मिटून म्हणाली. "आता लागेल तो अख्खा मी खाणार. तुम्हाला फोडसुद्धा नाही."

"खा," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो होतो.

फुटक्या घंगाळात, माजघराच्या खिडकीपाशी तुरा रुजला. फळेना, पण बोचायला लागला. शाळातपासनीस चहाला आले आणि त्यांचं धोतर पानांच्या काट्यात अडकलं. ते उठले, धोतर बसूनच राहिलं. त्या वर्षी शाळेचा शेरा वाईट आला.

अडीच वर्षं गेली. हैदर म्हणाला, "धूर द्या. धुरानं फूल धरतं."

धुरी म्हटल्यावर इंदूला एकच धुरी माहीत, बाळंतिणीची. रोज तिन्हीसांजेला शेगडीवर ओवा टाकायची आणि घंगाळावर माझी शाल पांघरायची. चौथ्या दिवशी दूध घालणारी राहीबाई दारात उभी. हातात नवं टोपडं.

"वैनी, मला बी सांगितलं न्हाई व्हय? ओव्याचा वास पार वेशीपतुर येतुया!"

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. मी जमिनीकडे बघत राहिलो. इंदूनं मात्र राहीबाईला हाताला धरून आत नेलं आणि शाल उचलली.

राहीबाईनं नीट निरखून पाहिलं. "आगं बया! बापावर गेलंय की."

इंदू हसता हसता खाली बसली. टोपडं तिनं परत दिलं नाही.

दोन महिन्यांनी पानांच्या मधोमध तांबडं बोंड दिसलं. फळ धरलं तसं दृष्ट लागू नये म्हणून तिनं त्याला टोपडं घातलं. पिकायला लागलं तेव्हा घरभर वास. "रविवारी कापायचा," इंदू म्हणाली आणि विळी घासून ठेवली.

शनिवारी शाळेचे अध्यक्ष काकासाहेब यांच्याकडे सत्यनारायण होता. हेडमास्तरांची जागा रिकामी होती. नगरात कुणाच्या पूजेत कधी अननस आला होता?

"इंदू, देवालाच चाललाय," मी म्हणालो. "प्रसाद येईल की परत."

तिनं टोपडं काढलं, घडी घातली.

काकासाहेबांच्या मुदपाकखान्यात ठरलं, की हा बुटक्या जातीचा फणस. आचाऱ्यानं हाताला तेल लावून तो चिरला, तीळ, सुकं खोबरं, मिरच्या घालून फोडणीला टाकला. पंगतीत माझ्या पानात पळीभर भाजी आली.

"मास्तर," काकासाहेब पंगतीच्या वरच्या टोकाकडून ओरडले, "तुमचा फणस आंबट निघाला हो!"

पंगतीतच कळलं, हेडमास्तरांची जागा त्यांच्या साडूला मिळाली. निदान तुरा तरी न्यावा म्हणून मी मागच्या दारी गेलो, तर तो म्हशीनं चघळून थुंकला होता.

घरी आलो. इंदूनं विचारलं, "कसा होता?"

"आंबट," मी म्हणालो.

पण त्या पहिल्या तुऱ्याचा गोड गर तिनं चाटला होता.

जुन्या झाडाच्या बुडाशी पिल्लू फुटलं होतं. ते मी वाढवलं. पाणी मी घातलं, ओव्याची धुरी मी दिली. राहीबाई मला 'बाळंतीण' म्हणायची, ते ऐकून घेतलं. दीड वर्षानं फळ आलं, पहिल्यापेक्षा मोठं. टोपडं मागितलं, तर इंदू म्हणाली, "कुठं ठेवलंय आठवत नाही."

पिकलं त्या दिवशी मी शाळेतून धावतच आलो. म्हटलं, आज विळी मी धरणार, सगळ्या फोडी तिच्या ताटात.

फळ काढून, पुसून, धुतलेल्या पंच्यात बांधून तिनं दाराशी ठेवलं होतं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"कुणाकडे न्यायचाय?" तिनं विचारलं.