भिंतीला लागून

कल्पिता घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर उभी राहून खोकते. तिला खोकला नाही.

कांजूरमार्ग स्टेशनबाहेरच्या मासळी बाजारातली शेवटची जागा भिंतीला लागून आहे. तिथे दुपारी ऊन येतं आणि गिऱ्हाईक पोचेपर्यंत त्याची पिशवी भरलेली असते. ती जागा पार्वतीने भांडून घेतली.

छापील कागदावरची पहिली सूचना : डोळे मिटून घ्या. शरीर सैल सोडा.

विमलाची बोटं कैदी बाईच्या परकराच्या शिवणीत लपवलेलं ब्लेड न बघता शोधतात. सव्वीस वर्षांची नोकरी.

बोईट माशाचे खवले शेपटीकडून डोक्याकडे काढतात.

तांदळाच्या डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कागद.

*

पार्वती वैती, वय बेचाळीस, राहणार मुलुंड पूर्व, कोळीवाडा. नवरा हरेश्वर याच्यावर कोयत्याने वार केल्याचा आरोप. हरेश्वर वाचला. अठरा महिने झाले, पार्वती तुरुंगात आहे आणि खटला सुरू झालेला नाही.

मागच्या दोन तारखांना ती कोर्टात गेली नाही. तुरुंगाच्या वहीत दोन्ही वेळा तीच ओळ आहे : बंदी जाण्यास नकार देते. कारणाचा रकाना रिकामा. न्यायाधीशांनी तिला सरकारने दिलेल्या वकिलाला, म्हणजे तिच्या बाजूने फुकट लढणाऱ्याला, सांगितलं की व्हिडिओवरून हजेरी नको, पुढच्या वेळी तिला माझ्यासमोर आणा, नाहीतर जामिनाचा अर्ज निकाली काढतो.

पुढची तारीख सोळा. सोमवार.

*

सुलक्षणा एका संस्थेची समुपदेशक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मुलुंडहून बसने तुरुंगात येते. आजोबा देवगडहून गिरणीत आले होते. ती स्वतः मुलुंड पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहते. मार खाल्लेल्या, ओरबाडल्या गेलेल्या बायकांशी तुरुंगात कसं बोलायचं, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण तिने घेतलं आहे. छापील कागद तिथलाच.

तीन तारखेला दोघी पहिल्यांदा भेटल्या. खोलीच्या मधोमध दोन खुर्च्या होत्या. पार्वतीची पाठ दाराकडे.

"डोळे मिटून घ्या, ताई."

"कशाला?"

"शांत वाटतं."

"तुला वाटतं ना? मग तू मीट."

सुलक्षणाने खरंच मिटले. उघडले तेव्हा पार्वती खुर्चीत नव्हती. भिंतीला टेकून उभी होती.

"आज नको बोलायला?"

"मी काय बोलू? तूच झोपलीस."

सुलक्षणाने वहीत लिहिलं : सहकार्य नाही. संस्थेच्या वहीत शाईने लिहायचं आणि खोडायचं नाही, असा नियम आहे. चूक झाली तर खाली नवी नोंद करायची.

*

सहा तारीख. भेटीच्या रांगेत कल्पिता. पार्वतीची मुलगी, वय एकोणीस, साकीनाक्याला एका गाळ्यात विजेची बटणं डब्यांत भरते. भेटीसाठी सुट्टी मिळत नाही म्हणून महिन्यातून एकदाच येते. सुलक्षणा रांगेत पाठमोरी उभी होती. मागे कोणीतरी खोकलं.

"मॅडम, तुम्हीच ना? आईच्या."

"सर्दी झालीय का तुला?"

"नाय हो. सवय आहे. आईच्या मागून असंच गेलं ना, तर ती अशी दचकते की हातातलं खाली. मग आम्ही आधी खोकतो. मी, मामी, शेजारचे पण. लहानपणापासून."

"आणि बाबा?"

"बाबा नाय खोकायचे."

रांग एक माणूस पुढे सरकली. कल्पिताने पिशवी काढली. आत आईने बाबांविरुद्ध पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारींचे तीन कागद होते, सहा वर्षांतले. तिन्हींवर एकच शिक्का : अदखलपात्र. म्हणजे तक्रार लिहून घेतली आणि काही केलं नाही.

"वकिलांना द्या. आईने तांदळात ठेवलेले. कीड लागत नाय."

परतताना बसमध्ये सुलक्षणाने छापील कागद पुन्हा वाचला. नंतर तो घडी करून पर्सच्या मागच्या कप्प्यात टाकला.

*

दहा तारीख. या वेळी सुलक्षणाने खुर्ची आधीच भिंतीला लावून ठेवली. दार समोर. पार्वती बसली.

"मी एकच विचारते. उत्तर नाही दिलंत तरी चालेल. कोर्टात जायचं नाही, की इथून निघायचं नाही?"

पार्वतीने दाराकडे बघितलं.

"निघताना ती मागून हात घालते. परत येताना पण."

"विमलाताई? झडतीला?"

"बाई चांगली हाय गो ती. मना ताप आला तेव्हा रात्रभर पाणी दिलान. पण हात मागून येतो. तवा ती विमला नसते."

"हे कोणाला सांगितलं होतंत?"

"कोणी इचारला?"

*

विमला महिला शिपाई. जाड, चष्मा, निवृत्तीला दोन वर्षं.

"झडती तर घ्यावीच लागेल, मॅडम. परवा एकीच्या वेणीत ब्लेड निघालं."

"घ्या ना. पण मागून का?"

"पुढून थुंकतात. हा बघा," तिने अंगठा दाखवला, "एक चावली. याला टाके पडले. दिवसाला चाळीस बायका जातात-येतात. प्रत्येकीला काय ओवाळून झडती घेऊ?"

"नियमात मागून घ्या असं लिहिलंय?"

"नियमात बाईने घ्या म्हटलंय. मी बाईच आहे."

"तिला भिंतीला पाठ लावून उभी करा. हात लावण्याआधी कुठे लावताय ते सांगा. इतकंच."

"आणि थुंकली तर?"

"तर मी पुसेन."

विमला हसली नाही. पण शुक्रवारी, तेरा तारखेला, दुपारच्या जेवणानंतर ती त्या खोलीत आली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ये गं पार्वती. टेक भिंतीला. खांदा धरते. धरू?"

"धर."

"आता काख. वर कर. आता कंबर. धरू?"

पार्वतीचे ओठ पांढरे पडले होते. तरी ती म्हणाली, "एवढा इचारून माझ्या लग्नात पण कोणी हात धरला नव्हता."

"माझ्यापण," विमला म्हणाली. "आता पाय."

"बाजारात गिऱ्हाईक इचारतं. मावशी, कल्ला उघडून बघू का."

"मग?"

"मग काय. मासा मेलेला असतो ना."

तीन मिनिटं लागली. नेहमी एक लागतं. सुलक्षणाने आपल्या वहीत तीन तारखेच्या ओळीखाली लिहिलं : वरील नोंद चुकीची. खुर्ची चुकीच्या जागी होती. डोळे मिटायला सांगणं चूक. चूक माझी.

*

सोळा तारीख. सुलक्षणा तुरुंगात नव्हती; सोमवार तिचा वार नाही. विमलाची पाळी दुपारची लागली. फाटकाशी रतन होती, नवी, बदली होऊन आठ दिवस झालेली. बाहेर पोलिसांच्या गाडीचं इंजिन चालू होतं.

"वैती? चल, वळ तिकडे."

पार्वती वळली नाही.

"ऐकू येत नाय का? वळ. गाडी थांबलीय."

पार्वती दोन पावलं मागे गेली. भिंत लागली.

"मना नाय—" ती म्हणाली आणि थांबली.

रतनने वही ओढली. पेनाचं टोपण काढलं. नकाराची ओळ तिला पाठ होती. आठ दिवसांत दुसऱ्या दोघींच्या नावापुढे लिहिली होती.

"थांब," पार्वती म्हणाली. "आधी सांग. मग हात लाव."

"काय सांगू?"

"खांदा म्हण."

रतनने घड्याळात पाहिलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"काय तुझी नाटकं. खांदा."

"लाव."

"आता काय म्हणू?"

"काख."

अशी ती झडती पार्वतीने सांगितली आणि रतनने घेतली. वहीत नोंद आहे : बंदी रवाना, ९.४०. कारणाचा रकाना रिकामा.

*

कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्याची मागची बाजू भिंतीला लागून होती. पार्वती तिथे टेकून उभी राहिली. शिपाई म्हणाला, टेकायचं नाही. न्यायाधीशांनी हाताने त्याला राहू दे म्हटलं. वकिलाने तीन कागद पुढे ठेवले. समोरचा सरकारी वकील म्हणाला की आरोपी कोयता घेऊन नवऱ्याच्या अंगावर गेली.

न्यायाधीशांनी तिलाच विचारलं, कोयता कुठून आणलात?

पार्वती बोलली. साधारण चार वाक्यं. टंकलेखक दोनदा थांबली, कारण तिला नीट ऐकू आलं नाही, आणि पार्वतीने दोन्ही वेळा पुन्हा सांगितलं.

अर्ज निकाली निघाला नाही. पुढची तारीख पडली.

घटनेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पार्वती मोरीत, दाराकडे पाठ करून, कोयत्याने बोईट साफ करत होती.