धुरपताबाईंच्या हातचं ताट

धुरपताबाईंनी शाळेच्या खिचडीला फोडणी दिली, तेवढ्यात सरपंच बबनराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"उद्या आमदारसाहेब येऊन राह्यले, बाई. तुमचं मानधन वाढवलं न त्यायनं! तुम्हीच ओवाळजा."

"मी? माह्या कपाळी कुंकू नाई, भाऊ."

"आता कुठं राह्यलं तसं! पेपरात फोटो येते."

नवरा गेला त्या वर्षी, पुतणीच्या लग्नात, जाऊबाईंनी ओवाळणीचं ताट त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. ते पुन्हा कधी मिळालं नाही. धुरपताबाईंनी डोळे पुसले. चुलीचा धूर लागला म्हणाल्या.

मानधनवाढीची घोषणा उन्हाळ्यात झाली होती. घोषणा झाली म्हणजे पैसे आलेच, असं समजून त्यांनी लेक काजलला वर्ध्याला नर्सिंगला घातलं. दिवाळी सरली तरी मानधन जुनंच. वसतिगृहाची फी थकली. दीर नानाजी सारखे टोकत, "पोरीले घरी आन. स्थळ पाहून ठेवलं मी."

दुसऱ्या दिवशी निरांजन लावून त्या आमदारांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, आमची वाढ कधीपासून भेटन?"

"आदेश निघू द्या, ताई. निघाला की त्या तारखेपासून."

"अन् तुमचा पगार वाढला म्हंतेत, तो?"

"तो मागच्या वर्षापासूनच लागू झाला."

"कोनं ठरवलं?"

"सभागृहानं."

"म्हंजे तुम्हीच. मंग तुमची वाढ पुढच्या निवडणुकीनंतर घ्या न, साहेब. लोकायनं पुन्हा निवडलं तर. तोवर मीबी थांबीन."

मंडपात हशा पिकला. साहेबही मनापासून हसले. "बबनराव, पुढचं तिकीट ताईलेच द्या रे!"

हसणं थांबलं. धुरपताबाईंनी न ओवाळताच ताट टेबलावर ठेवलं आणि मागे सरल्या.

"मी म्हनलंच होतं," जाऊबाई बोलल्या, "तिच्या हाती ताट देऊ नका."

कुणीतरी कमलाला पुढे ढकललं. कमलाही त्याच चुलीवर राबणारी, तेवढ्याच मानधनावर. तिनं खाली मान घालून ओवाळलं. फोटो निघाला.

आठवडाभरानं काजल पेटी घेऊन एसटीतून उतरली. पेटी उचलायला नानाजी आधीच थांब्यावर हजर होते. "पाव्हने रविवारी येतेत," ते म्हणाले. काजलनं आईकडे पाहिलं. धुरपताबाईंना तिच्याकडे पाहवेना.

वाचकहो, स्वतःची वाढ स्वतःच, तीही मागल्या तारखेपासून घ्यायची ही रीत आपण कुठवर चालू देणार? निवडणूक आली की साहेब हात जोडून धुरपताबाईंच्या दारात उभे राहतील. काजल तेव्हा त्या घरात नसेल.