पंचवीस मार्कांचे बोंबील

जमुनाने पोरीला कॉलेजात घातली ती एकाच कारणासाठी. तिने जन्मभर बोंबील वाळवत बसू नये. आणि तिसऱ्या वर्षाला कॉलेजाने पोरीला परत गावी, दातिवऱ्याला, पाठवली ती बोंबील वाळवायला. जमुनाच्या नवऱ्याला, नामदेवला, हे कळलं तेव्हा तो इतका हसला की शेजारचा पंढरी हातातलं जाळं ठेवून बघायला आला. जमुना जाऊन आठ महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत नामदेव हसलेला कुणी पाहिला नव्हता.

ही पोरगी, शकू, दादरला मामाकडे राहून बी.एस्सी. करत होती. त्या वर्षी, म्हणजे सहासष्ट साली, तिच्या कॉलेजातल्या खंडेराव नावाच्या प्रोफेसराने नवी टूम काढली. नुसती पुस्तकं वाचून पदवी नाही. पोरांनी आठ दिवस गावात जाऊन हाताने काम शिकायचं, त्याला पंचवीस मार्क. ते मिळाले नाहीत तर वर्ष गेलं. एक तुकडी तारापूरला जाणार होती, अणुवीज केंद्राचं बांधकाम बघायला. शकूने तिथलंच नाव दिलं होतं. तिथं मुलींची सोय नाही म्हणून तिला दातिवऱ्याच्या तुकडीत टाकली. प्रोफेसर म्हणाला, घरचंच गाव आहे, उलट बरं.

दिवाळीनंतर प्रोफेसर आणि चार पोरं शेजारच्या एडवण गावच्या शाळेत येऊन उतरली. तिथून रोज सकाळी चालत यायची. खंडेराव घाटावरचा माणूस. नामदेवच्या मासळी वाळवायच्या खळ्यावर पहिलं पाऊल टाकलं ते नाकाला रुमाल लावूनच.

"श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, नामदेवराव," तो रुमालातून म्हणाला.

"मिलंल की," नामदेव म्हणाला. "पयला रुमाल काडा."

बोंबील टांगायचं काम काही अवघड नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी वलंडीच्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. एक अलीकडे, एक पलीकडे. फक्त जोडीजोडीत बोटभर जागा सोडायची, म्हणजे वारा फिरतो. शकू पाच वर्षांची असताना जमुनाने तिला हे शिकवलं होतं. पोरीची बोटं बोंबलांच्या दातांनी सोलून निघायची. जमुना त्यावर हळद लावायची आणि पुन्हा टोपली पुढे सरकवायची.

चौघा पोरांनी पहिल्या दिवशी निम्मे बोंबील जबड्यातच फाडले. चिंतू नावाचा एक उंच पोरगा दर दहा बोंबलांनंतर हात धुवायला जायचा. शकू त्यांना दाखवून दाखवून दमली. दुसऱ्या दिवशी प्रोफेसराने कॅमेरा आणला. फोटोत दोऱ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून त्याने तीन दोऱ्यांवर जोड्या एकमेकींना चिकटवून टांगायला लावल्या.

"सर, वारा जाणार नाही," शकू म्हणाली.

"शिस्त दिसली पाहिजे," प्रोफेसर म्हणाला.

शिस्त चौथ्या दिवसापर्यंत टिकली. मग त्या तीन दोऱ्यांत अळ्या पडल्या. पंढरी येऊन बघून गेला आणि म्हणाला, "नामदेवा, बी.एस्सी.चं खत चांगलं होतं म्हनं." सगळं खळं हसलं. नामदेवने दोऱ्या उतरवल्या आणि माल वाडीत पुरायला पाठवला. एवढे शिकलेले लोक, आणि वारा कशाला लागतो हे माहीत नाही. त्यांच्यावर रागवावं एवढंही नामदेवला वाटेना.

आठव्या दिवशी प्रोफेसराने पाच छापील कागद पुढे केले. काम शिकवणाऱ्याने त्यावर सही करायची होती. नामदेव चौथीपर्यंतच शिकला होता. त्याने वाचून दाखवायला सांगितलं.

"'पहिल्या दिवशी या विद्यार्थ्यास सदर कामाची काहीही माहिती नव्हती. आठव्या दिवशी तो हे काम स्वतंत्रपणे करू शकतो.' बस, एवढंच."

"आनि शकूचा?"

"तोच. सगळ्यांना एकच नमुना आहे."

"शकूला म्हाईत नव्हतं?"

प्रोफेसर हसला. "अहो, प्रगती मोजायची असते. आधीच येत होतं असं लिहिलं तर प्रगती शून्य. मग मार्क कसे देऊ?"

नामदेवने पेन खाली ठेवलं. शकू जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, करून टाका. कागदच तर हाय."

"तुला आयेनं कायच शिकवलं नाय, आसं लिवू?"

"आये असती तर तिनंच पयली केली असती सही. माझं वर्ष जाईल, बाबा."

ते खरंच होतं. जमुनाने पोरीसाठी डोळे मिटून सही केली असती. पण तिची गोष्ट वेगळी. स्वतःला पुसून टाकायचा तिला अधिकार होता. तिला पुसायचा नामदेवला नव्हता.

त्याने उरलेले चार कागद उचलले. "मास्तर, या चौघांना काय आलं?"

"म्हणजे... बऱ्यापैकी..."

"या चिंतूला बोलवा. एक दोरी टांगू दे माज्यासमोर. मंग करतो सही."

चिंतूने पायाकडे पाहिलं. प्रोफेसराचा रुमाल पुन्हा वर गेला, या वेळी कपाळाला.

"नामदेवराव, योजनेचं पहिलंच वर्ष आहे. प्रिन्सिपॉल आधीच विरोधात आहेत. चार पोरं नापास झाली तर..."

"तर ऐका. या चार कागदांवर मी खोटं आसून सही करतो. तुमची पोरं लै शिकली. पन शकूच्या कागदावर तुमी खरं लिवायचं. तुमच्या हातानं. आनि मार्क पुरे पंचवीस."

"नमुन्यात तशी जागा नाही."

"वलंडीवर पन तीन दोऱ्यांत जागा नव्हती. तुमी टांगलेच ना?"

पंढरी मागे खोकला. प्रोफेसराने पेन उचललं. मग त्याने छापील ओळ खोडली आणि समासात लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर नामदेवने त्याला मोठ्याने वाचायला लावलं.

"'या विद्यार्थिनीस हे काम आधीपासून येत होते. तिच्या आईने शिकवले. तुकडीतील इतरांस तिनेच शिकवले. गुण पंचवीस.'"

"आईला नाव हाय."

प्रोफेसराने 'आईने'च्या पुढे शब्द घालायची काकपदाची खूण केली. "काय नाव?"

नामदेवने शकूकडे पाहिलं. शकूनेच सांगितलं. प्रोफेसराने 'कै.' लावून जमुना लिहिलं.

नामदेवने पाचही कागदांवर सह्या केल्या. चार पटापट केल्या, नाव वाकडं आलं तरी तसंच ठेवलं. पाचव्याला त्याने आधी हात लुंगीला पुसला.